आईने पाहिलेली एक स्पर्धा

पोलीस भरतीत माझी उंची थोडक्यात कमी भरली आणि त्या थोडक्याने सगळं वळण बदललं. धावणं झालं होतं. गोळा तर मी असा फेकला होता की मोजणाऱ्या शिपायाने टेप घेऊन जाताना मागे वळून माझ्याकडे पाहिलं. पण उंचीच्या पट्टीखाली उभं राहिल्यावर मान ताणून काही उपयोग नसतो. यवतमाळहून एसटीने आर्णीला परत येताना मी खिडकीला डोकं टेकून ठरवलं, की आता काही म्हणजे काही करायचं नाही. ते काही न करणंही मला महिनाभर धड जमलं नाही.

आर्णीत एका कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर जिम होती. खाली खताच्या गोण्या, वर लोखंड, आणि जिन्यात दोन्हींचा मिळून एक वास. सकाळ-संध्याकाळ पोरं असायची, म्हणून बायकांसाठी दुपारची वेळ ठेवलेली. बायका म्हणजे मी एकटी. वर पत्रे होते. उन्हाळ्यात बार हातात धरवत नसे, रुमाल गुंडाळून उचलावा लागे. जिम चालवणारे सर सुरुवातीला मला नुसतं सायकलवर बसवून ठेवायचे. एक दिवस मी पुलअप मारत असताना ते मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पाठ लय भारी हाय तुमची, म्याडम. कायले वाया घालवून राह्यल्या?" तोवर माझ्या कुठल्याही अवयवाचं कोणी कौतुक केलं नव्हतं. केलं तेही नेमकं अशा जागेचं, जी माझी मला दिसत नाही.

तिथून ते वेड लागलं. आमच्या अख्ख्या तालुक्यात सोयाबीन पिकतं, पण खात कोणी नाही. सगळं विकायचं आणि किराणा दुकानातून सोयावडीची पुडी आणायची, ही आमची रीत. मी सोयाबीन भिजवून, उकडून खायला लागले तर आई म्हणाली, "ढोराची पेंड खाऊन राह्यली पोट्टी." अंडी, चणे, ताक, उकडलेली कोंबडी. तेल बंद, साखर बंद. लग्नाच्या पंगतीत मी नुसती काकडी खात बसले की शेजारची बाई आईला विचारायची, हिला काही दुखणं आहे का. मला राग यायचा. तेव्हा मला सगळ्याचाच राग यायचा, आणि तो सगळा मी लोखंडावर काढायचे. रागाचा एवढा चांगला उपयोग पुढे मला कधी करता आला नाही.

आई शिंपीकाम करायची. पुढच्या खोलीत मशीन, भिंतीला दोरी, दोरीवर बायकांचे ब्लाउज. विहारातून परतताना बाया दारात थांबायच्या, तेव्हा ती आधी त्यांच्या खांद्याकडे आणि बाहीकडे बघायची, मग नाव घ्यायची. जवळचं तिला चष्म्यातून लख्ख दिसायचं, लांबचं मात्र धुरकट. रस्त्याच्या पलीकडून कोणी हात केला तर ती विचारायची, "कोन वं ते, कोपरापर्यंत बाहीवाली?" तिच्या हातचा ब्लाउज असेल तर ती माणूस ओळखणार, नसेल तर नाही. आम्ही तिची यावरून खूप चेष्टा करायचो.

माझ्या व्यायामाला तिचा विरोध नव्हता. "ताकद असली तं बरंच हाय, गव्हाचं पोतं उचलाले कामी येते," असं म्हणायची. पण अमरावतीच्या पहिल्या शरीरसौष्ठव स्पर्धेचा फोटो कोणीतरी मोबाइलवर फिरवला आणि तो फिरत फिरत तिच्यापर्यंत आला. तिने फोन पालथा ठेवला. बराच वेळ मशीन चालवत राहिली आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सारी जिंदगी म्या बायांचं आंग झाकाचं काम केलं. अन् माह्याच पोरीनं असं उघडं उभं राहावं काय?"

मी म्हटलं, "आई, पोळ्याच्या बैलासारखं असते ते. सजवलेल्या बैलाकडे कोनी वाईट नजरेनं पाहाते काय?"

"बैलाले कोनी लग्नासाठी पाहाले येत नाही," ती म्हणाली.

हे मात्र खरं होतं. मला पाहायला आलेल्यांची गोष्ट वेगळी लिहावी लागेल, आणि ती लिहावी इतकी काही ती माणसं मोठी नव्हती. त्यांनी नकार दिले, मीही दिले. त्यातल्या एकाचंही मला काही वाटत नाही. मला वाटत राहिलं ते आईचंच. अमरावती झालं, अकोला झालं, नागपूर झालं. पदकं दाराच्या मागच्या खिळ्याला लटकत होती आणि आई तिथून झाडू काढताना ती हाताने बाजूला सारायची. मला बक्षिसाची हाव होतीच, नाही कशाला म्हणू, पण त्याहून जास्त मला एवढंच हवं होतं की तिने एकदा समोर बसून मला पाहावं. फोटोत नव्हे. उभी, जिवंत, दिव्याखाली. मी या अंगासाठी काय काय सोडलं ते तिला रोज ताटात दिसत होतं. ते सोडून काय कमावलं, तेही तिने एकदा बघावं. मी दरवेळी विचारायचे आणि ती दरवेळी म्हणायची, लग्नसराईचे ब्लाउज आहेत.

शेवटी माझ्या शब्दांनी जे झालं नाही ते एका वाईट शिलाईने झालं. अकोल्याला माझ्या स्टेजवर घालायच्या तोकड्या कॉस्च्युमचा पट्टा तुटला होता आणि मी तो जाड दोऱ्याने कसाबसा टाचला होता. घरी येऊन बॅग टाकली आणि झोपले. आईने धुवायचे कपडे काढले, त्यात तो निघाला. मी उठून बाहेर आले तेव्हा ती मशीनपाशी बसली होती आणि कॉस्च्युम उलटा करून आतली शिलाई चष्म्याजवळ धरून बघत होती. मला वाटलं, आता जळतं लाकूड हातात घेणार. ती म्हणाली, "हे कोनं शिवलं? हाताले लकवा मारला होता काय त्याच्या?"

मी म्हटलं, पट्टा मी टाचला, बाकीचा विकतचा आहे.

"बाकीचंही भंगारच हाय," ती म्हणाली आणि उसवायला घेतलं.

बोलता बोलता तिने पूर्ण कॉस्च्युमच मोडला. मग तिलाच वाटलं असावं की आता नवा करून देणं भाग आहे. मी यवतमाळहून ताणणारं कापड आणलं, जांभळं, तिनेच सांगितलेल्या रंगाचं. तसलं कापड तिने कधी शिवलं नव्हतं. मशीनखाली ते सरकायचं, गोळा व्हायचं. मग तिने खाली पेपरचे तुकडे धरून टीप मारली आणि नंतर कागद फाडून काढला. टिकल्या हाताने लावल्या. चार दिवस दोरीवरचे ब्लाउज तसेच राहिले. विहारातल्या बाया आल्या की ती कॉस्च्युम मांडीखाली सरकवायची आणि त्या गेल्या की पुन्हा वर घ्यायची. मी जवळून जाताना बघून न बघितल्यासारखं करत होते. त्या चार दिवसांत मी जितकी सुखात होते तितकी कुठलं पदक गळ्यात पडताना नव्हते.

माप मात्र तिने तिच्या पद्धतीने घेतलं. मी तिला सांगत होते की शेवटच्या आठवड्यात मीठ बंद होतं, पाणी घोट-घोट करत कमी होतं, अंग सुकतं, कातडी हाडामांसाला चिकटते, तेव्हा घट्ट शिव. तिने ऐकून घेतलं आणि हसली. "बाईचं आंग कवा उतरते काय? इतके वर्सं पाहून राह्यली मी. लग्न झालं का भरते, लेकरू झालं का भरते. तुयंही भरन." तिच्या हातून आजवर एकही कपडा असा गेला नव्हता ज्यात पुढे वाढायला आतून कापड सोडलेलं नाही. मी जास्त बोलले तेव्हा म्हणाली, "फिटिंग मले नोको शिकवू." मी गप्प बसले, कारण त्याच्याच पुढच्या वाक्यात ती म्हणाली होती, "पुसदले हाय ना तुयं ते? मी येतो. माह्या हातचं घालून उभी राहशीन तं मले पाहाले लाज नाही वाटनार."

पुसदला एका मंगल कार्यालयात स्पर्धा होती. मी सरांबरोबर आदल्या दिवशीच गेले. आई स्पर्धेच्या दिवशी दिग्रसवरून दुपारच्या एसटीने येणार होती. नवरीच्या खोलीत आम्हा बायकांची सोय केली होती, आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, स्टेजच्या दिव्यात अंगाचे कट दिसावेत म्हणून सगळं अंग गडद रंगाने रंगवतात. थरावर थर. गोरी असो, सावळी असो, सगळ्या एकाच तांबूस-काळ्या रंगाच्या होतात, केस वर बांधलेले, ओठ लाल. पाठीला स्वतःचा हात पोचत नाही, म्हणून तिथे बायका एकमेकींची पाठ रंगवतात. माझ्या वाट्याला मुकुटबनची एक मुलगी आली होती. माझ्यापेक्षा लहान, पण अंगाने रुंद. पहिल्यांदाच उतरत होती. तिने घरी सांगितलंच नव्हतं, कुठल्याशा शिबिराला जाते म्हणून निघाली होती. मी तिची पाठ आणि पाय रंगवले. तिच्या पोटरीवर गाडीच्या सायलेन्सरचा मोठा चटका होता, तिथे रंग बसेना. कितीही पुसलं तरी तेवढी जागा चमकायची.

रंग वाळल्यावर मी जांभळा कॉस्च्युम चढवला आणि आरशात मागे वळून पाहिलं तर कमरेखाली कापडाच्या घड्या. आठवड्यात मी इतकी सुकले होते की आईने सोडलेली सगळी सूट उरली होती. अंगाला कपडा चिकटवायचा डिंक असतो, तो लावला. घामाने सुटला. पिना लावायला गेले तर आयोजकांच्या बाईंनी हटकलं, पिना चालणार नाहीत. आईला फोन लावत राहिले. ती एसटीत होती, आणि एसटीच्या खडखडाटात तिला फोन कधीच ऐकू येत नसे. आई असती तर तिने दातात दोरा धरून पाच मिनिटांत ते काम केलं असतं.

मुकुटबनच्या मुलीचं उलटं होतं. तिने मागवलेला लाल कॉस्च्युम तिला काचत होता, बाजूची शिवण उसवायला आली होती. ती माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "ताई, तुमचं मले द्या, माह्यं तुम्ही घाला. दोघीही निभून जाऊ." मी दिला. त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही. पाण्याविना डोकं असं कोरडं होतं की समोरचं सोडून पुढचं दिसत नाही. लाल मला चपखल बसला. आणि जांभळा तिच्या अंगावर असा बसला, जणू आईने तिचंच माप घेतलं होतं. मला तेव्हा क्षणभर वाईट वाटलं, पण ते एवढंच, की आपल्या आईचं काम दुसरीला शोभून दिसलं.

स्टेजवर गेलो तेव्हा आधी काहीच दिसलं नाही, नुसते दिवे. मग डोळे सरावले आणि मला आई दिसली. निळी साडी, दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीत, पर्स छातीशी धरून, कोणी ओळखीचं निघू नये म्हणून डोक्यावर पदर. मी लाइनीत कडेला होते. मुकुटबनची मधोमध. पहिली पोझ झाली. आणि आई उठली. खुर्च्यांच्या मधून, पोरांच्या गुडघ्यांवरून वाट काढत ती पुढे आली, अगदी पुढे, स्पीकरच्या बाजूला, आणि बसली. पदर खाली घसरला तो तिने पुन्हा घेतला नाही.

सर नंतर म्हणाले, तुमच्या तोंडावर एवढं हसू आजवर पाहिलं नव्हतं. मी तिच्या नजरेत नजर घालायला बघत होते, पण ती माझ्याकडे थेट बघत नव्हती. मला वाटलं, लाजत असेल. सवय नाही, हळूहळू बघेल. मग पाठ दाखवायची पोझ आली. मी वळले, हात वर घेतले, पाठ उघडली, आणि मनात म्हटलं, आता तरी बघेल. तिला पाठ दाखवताना ती काय बघते ते मला कळायची सोय नव्हती.

निकालाच्या आधी ती निघाली, तिची एसटी होती. मला तिसरं बक्षीस मिळालं. पहिलं मुकुटबनच्या मुलीला. ती कॉस्च्युम धुऊन पाठवते म्हणाली, आणि पाठवलाही.

दुसऱ्या दिवशी घरी पोचले तर आई दारातच होती. कितवी आलीस, म्हणून विचारलं. मी म्हटलं, तिसरी. "तिसरी? आंधळे होते काय ते?" ती म्हणाली. मग मशीन सोडून माझ्यासमोर येऊन बसली. ती असं कधी बसत नाही. म्हणाली, "मी मांगं बसली होती, मंग टिकल्या चमकल्या, म्हनलं हे आपलंच काम. मंग राह्यवलंच नाही, पुढं आली. कशी उभी होती वं तू. मधात, रानीसारखी." मी तर कडेला होते, पण अजून मला नीट कळलं नव्हतं. मग ती माझ्या पायाकडे बघत म्हणाली, "पन पोटरीले एवढं कवा पोळलं? मले सांगतलं काहून नाही?"

मी ट्रॅकपँट घातली होती. मी म्हटलं, "सायलेन्सर लागला होता. मलम लावून राह्यली."

तेव्हाच सांगायला हवं होतं, हे आता म्हणणं सोपं आहे. तिचा चेहरा समोर होता. माझ्या स्टेजच्या कुठल्याही गोष्टीने तो आजवर तसा फुलला नव्हता. मी मनाशी म्हटलं, पुढच्या वेळी खरंच बघेल, मग फरक काय पडतो. स्पर्धेचे फोटो सरांनी पाठवले, मी ते घरी दाखवले नाहीत. तिने मागितलेही नाहीत. "मोबाइलमधी काय पाहाचं, म्या सोताच्या डोळ्यानं पाह्यलं," असं ती आल्यागेल्याला सांगायची. विहारातल्या बायांना तर इतक्यांदा सांगितलं की त्या मला रस्त्यात थांबवून पोटरीची चौकशी करायला लागल्या.

पुढची वेळ आली नाही. माझा खांदा गेला. एक दिवस बार खाली ठेवला तो तसा पुन्हा डोक्यावर गेलाच नाही. आता मी त्याच जिममध्ये बायकांची बॅच घेते. आता खरोखरच बायका असतात, आणि वेळ सकाळची आहे, एवढी प्रगती झाली. आईचं लांबचं धुरकट दिसणं मात्र आम्ही चष्म्यावर ढकलत राहिलो, तो काचबिंदू निघाला. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही. मशीन अजून पुढच्या खोलीत आहे. ती त्याच्यापाशी बसते, चाकावर हात ठेवून. तिने उजेडात मला एकदाच पाहायचं होतं, ते राहिलं, आणि आता ते मी कितीही व्यायाम केला तरी होणार नाही. याचं मला रोज वाईट वाटतं. अंग कमावता येतं, हे मी माझ्या बायकांना सांगते. बाकीचं काय काय कमावता येत नाही, ते सांगत नाही.

परवा जिममधून आले तर पायात गोळा आला. ओट्यावरच बसले. आई चाचपडत आली, पाय मांडीवर घेतला आणि पोटरी दाबायला लागली. दाबता दाबता तिचा हात थांबला, मग खालीवर फिरला. दुसऱ्या पायावरही तिने तो फिरवला. "डाग पुरा गेला वं," ती म्हणाली. "खरबरीतही लागत नाही."

मला आणखी एक खोटं सुचत होतं. पण तिची बोटं अजून शोधत होती, आणि ते मला बघवेना. मी सगळं सांगितलं. मीठ, पाणी, घड्या, मुकुटबनची, अदलाबदल. माझा पाय तिने सोडला नाही.

मग तिने विचारलं, "तिची माय आलती काय पाहाले?"

"नाही. घरी सांगतलंच नव्हतं तिनं."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली. "तिले तरी कोनं पाह्यलं."

मला वाटलं, संपलं. ती पुन्हा पोटरी दाबायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "तू कोन्त्या रंगात होती?"

"लाल."

ती आठवत राहिली. न दिसणारे डोळे तिने बारीक केले, लांबचं बघताना करायची तसे.

"लालवाली होती एक, कडेले," ती म्हणाली. "लय हसून राह्यलती माह्याकडं पाहून. म्हनलं, कोन असन हे. पन मी कायले पाहू वं तिच्याकडं? मी तं तुले पाहून राह्यलती."